नावापुरते आपले

दिवाळीच्या चार दिवसांत 'आपले' हा शब्द जितका तोंडी येतो, तितका एरवी वर्षभरात येत नसेल. आपली माणसे घरी येतात. आपल्याकडची चकली खुसखुशीत की मावशीकडची, यावर निकाल दिले जातात. आपल्या गावचा कोणी मुलगा कुठे मोठ्या हुद्द्यावर चढला, हे ज्याने त्याला कधी पाहिलेही नाही असा माणूस अभिमानाने सांगतो. आणि फराळाची ताटे रिकामी होत आली, की पुरुषमंडळी व पोरेसोरे आपल्या संघाच्या हारजितीवर तावातावाने बोलू लागतात. जमिनीच्या तसूभर तुकड्यासाठी सातबाराचा उतारा मागणारा आपला समाज. पण 'आपला संघ' म्हणणाऱ्याकडे कोणी कधी कागद मागत नाही. म्हटले की झाला आपला!

मला मात्र मास्तरकीच्या सवयीने या शब्दाची व्याख्या विचारावीशी वाटते. एखादी गोष्ट आपली होते ती कशाने? तिला आपले नाव असते म्हणून? ती पुष्कळ दिवस आपल्यापाशी राहते म्हणून? की ती आपल्या एकट्याची असते म्हणून?

या तिन्ही उत्तरांची परीक्षा व्हावी असा एक नमुना अमेरिकेत घडून गेला आहे. १९७४ साली तिथे टेनिसची एक सांघिक स्पर्धा निघाली. टेनिस हा मुळात एकलकोंडा खेळ. खेळाडू आपल्यासाठी खेळतो, जिंकला तर आपल्यासाठी जिंकतो, आणि प्रेक्षकांनी चेंडू चालू असताना खोकूसुद्धा नये अशी अपेक्षा असते. या नव्या स्पर्धेने सगळेच उलटे केले. शहराशहराचे सोळा संघ उभे केले. संघात पुरुष आणि स्त्रिया बरोबरीने घेतल्या. पुरुष एकेरी, महिला एकेरी, दोघांच्या दुहेरी आणि एक मिश्र दुहेरी असे पाच सेट खेळायचे आणि जिंकलेल्या गेमांची बेरीज करायची. स्त्रीने जिंकलेला गेम आणि पुरुषाने जिंकलेला गेम यांचे मोल एकच. बिली जीन किंगसारखी विख्यात खेळाडू या खटाटोपाच्या अग्रभागी होती. प्रेक्षकांना तर सांगितलेच होते, की गप्प बसू नका, आपल्या शहराच्या नावाने ओरडा.

या संघांत क्लीव्हलंडचा एक होता, त्याचे नाव नेट्स. आणि पिट्सबर्गचा एक, ट्रायअँगल्स. ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. म्हणजे आमच्या लासूर स्टेशनहून पुणे जितके लांब, साधारण तितकीच. दोन्ही पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेली आणि खेळाच्या मैदानावर पिढीजात वैरी. त्यांच्या फुटबॉल संघांची लढत असली म्हणजे दोन्हीकडची घरे त्या दिवशी दुसरे काही बोलत नाहीत. १९७५ साली पिट्सबर्गच्या टेनिस संघाने अजिंक्यपदही मिळवले, पण १९७६ च्या हंगामानंतर तो संघ बंद पडला. मग १९७७ मध्ये क्लीव्हलंडचा संघ दोन्ही शहरांचा करण्यात आला. नावही जोडनाव : क्लीव्हलंड–पिट्सबर्ग नेट्स. काही सामने इथे, काही तिथे. त्या वर्षी या संघाकडून साक्षात ब्यॉर्न बोर्ग खेळला; या करारापायी त्याने त्या वर्षीच्या फ्रेंच स्पर्धेवर पाणी सोडले, आणि विम्बल्डन मात्र जिंकले. असा मोहरा हाताशी असूनही दोन शहरांचा हा संसार एका हंगामापलीकडे टिकला नाही. १९७८ मध्ये संघ दूर दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि त्या हंगामानंतर बहुतेक मालकांनी अंग काढून घेतल्यामुळे ती स्पर्धाच मोडली. १९८१ पासून ती पुन्हा लहान रूपात सुरू झाली, पण नेट्स काही परतले नाहीत.

आपल्याकडेही याचे लहान भावंड होऊन गेले. त्या अमेरिकन स्पर्धेत खेळलेल्या विजय अमृतराज यांनी २०१४ साली भारतात तशीच सांघिक टेनिस स्पर्धा काढली. तीत पुण्याचा संघ होता, नाव पुणे मराठाज, आणि पहिल्याच वर्षी तो विजेता ठरला. दुसऱ्या वर्षी नागपूरचाही संघ आला, आणि संत्र्यांच्या त्या शहराच्या संघाचे नाव ऑरेंजर्स असावे हे ओघानेच आले. दोन हंगाम झाले आणि स्पर्धा थांबली. आज पुण्यात दहा माणसांना विचारले, तर त्या विजेतेपदाची आठवण सांगणारा एखादाच निघेल.

यावर शहाणी माणसे चटकन म्हणतील, "हा सगळा बाजार! मक्त्याने घेतलेले संघ. मालक एका गावचा, खेळाडू दुसऱ्या देशाचे, आणि नाव तिसऱ्याच शहराचे. त्यात आपलेपणा कसला?" हे बोलणे ऐकायला बरे वाटते, पण मला ते पुरते पटत नाही.

नावाचेच घ्या. नाव उसने घेतले म्हणून नाते खोटे ठरत असेल, तर आमच्या गावाने तोंड कुठे लपवावे? लासूरगाव निराळे आणि लासूर स्टेशन निराळे. निजामाच्या राजवटीत, विसावे शतक उजाडताना, मनमाडहून हैदराबादकडे लोहमार्ग गेला. रुळाकडेला थांबा झाला आणि त्या थांब्याला जवळच्या गावाचे नाव चिकटले. पुढे थांब्याभोवती दुकाने आली, अडत आली, शाळा आली, माणसे आली. आज इथे जन्मलेल्या पोराला "तू कुठला?" म्हणून विचारा. तो 'लासूर स्टेशनचा' असेच सांगेल, आणि त्यात त्याला काही उसने वाटणार नाही. नाव उसने होते, पण नावाखालचे जगणे उसने नव्हते.

अल्पायुष्याचे तसेच. थोडे टिकले ते खोटे, असा नियम लावला तर दिवाळीची पणतीही खोटीच म्हणावी लागेल. आणि दोन ठिकाणी वाटले गेले ते कोणाचेच नाही, असे म्हणायचे तर आपल्या घरोघरच्या लेकी काय म्हणतील? त्यांना माहेर आहे आणि सासरही आहे. दिवाळीला दोन्हीकडे त्यांची वाट पाहिली जाते. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वाटेवरच्या मुक्कामाच्या गावी ती एक रात्र असते. पण त्या रात्रीपुरते ते गाव पालखीला परक्याची म्हणत नाही. थोडा काळ, वाटून घेतलेला सहवास, दुसऱ्याकडून आलेले नाव. यांपैकी कशानेही आपलेपणाला बाध येत नाही.

मग कशाने येतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला टेनिसचे मैदान सोडून क्रिकेटच्या मैदानावर यावे लागते, कारण आपल्या महाराष्ट्रातच, अगदी अलीकडे, एका अल्पायुषी संघाला दुसऱ्या शहरात बिऱ्हाड करावे लागले होते. आणि त्याचे कारण पाणी होते.

आयपीएलमधले चेन्नई आणि राजस्थानचे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा त्यांची जागा भरायला २०१६ आणि २०१७ या दोनच हंगामांसाठी दोन संघ घेण्यात आले. त्यांतला एक पुण्याचा, 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स'. जन्मपत्रिकेतच मृत्यूची तारीख लिहिलेला असा संघ मी दुसरा पाहिला नाही. मालक कोलकात्याचे उद्योगपती, कर्णधार रांचीचा धोनी, मैदान गहुंजे. तरी पुणेकरांनी, आणि पुण्याबाहेरच्या आमच्यासारख्यांनीही, त्याला आपला म्हटले.

ते २०१६ चे वर्ष मराठवाड्याने कसे काढले, हे ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. ओळीने पावसाने दगा दिला होता. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर गुजराण चालली होती. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असे पाच लाख लिटर पाणी. रुळावरून धान्य, कोळसा, सैन्य गेलेले लोकांनी पाहिले होते. पिण्याचे पाणी आलेले तिथल्या लोकांनी प्रथमच पाहिले, आणि कित्येकांनी त्या गाडीला हार घातले.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. प्रश्न खेळपट्ट्या आणि हिरवळ यांना लागणाऱ्या पाण्याचा होता. सुमारे साठ लाख लिटरचा आकडा पुढे आला होता. क्रिकेट मंडळाच्या बाजूने सांगण्यात आले, की आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरू. मुंबई आणि पुणे हे संघ दुष्काळनिधीला प्रत्येकी पाच कोटी रुपये द्यायला तयार आहेत, असेही सांगण्यात आले. न्यायालय बधले नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हात घातला नाही. फक्त १ मेचा एक सामना उच्च न्यायालयाने पुण्यात होऊ दिला. पुण्याच्या संघाचे घरचे सात सामने होते. चार गहुंज्याला झाले आणि उरलेले तीन समुद्रकाठच्या विशाखापट्टणमला. मुंबईच्या संघानेही आपले बिऱ्हाड तिथेच थाटले. पुणे आणि मुंबई एकाच घरात पोटभाडेकरू म्हणून राहिली, हा चमत्कार दुष्काळाने करून दाखवला!

त्या एप्रिलात आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, पुण्याची टीम आता विशाखापट्टणमची झाली का?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून दुसऱ्याने उत्तर दिले, "टीम जाऊ दे रे. टँकर आला का ते सांग." वर्ग हसला. मीही हसलो. पण दोघांचेही प्रश्न खरे होते, आणि ते एकाच वर्गात, एका श्वासात विचारले गेले, हे माझ्या मनातून गेले नाही.

त्या निकालावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. "गहुंज्याचे पाणी वाचले म्हणून ते लातूरच्या घागरीत पडणार आहे का?" असे हिशेबी लोक विचारीत. हिशेब त्यांचा बरोबर होता. साठ लाख लिटर म्हणजे त्या पहिल्या गाडीच्या बारा खेपा. लातूर शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास धरली, तर माणशी पंधरा लिटर, म्हणजे एक घागर, तीही एकदाच. एवढ्याने कोणाची तहान भागली असती?

पण प्रश्न हिशेबाचा होता का? आपल्याकडे ज्या घरातले माणूस त्या वर्षी गेलेले असते, त्या घरी दिवाळीचे तळण होत नाही. शेजारचेही त्या घराला लागून फटाके उडवीत नाहीत. उलट आपल्या फराळातला डबा झाकून नेऊन देतात. फटाका न उडवल्याने गेलेला माणूस परत येत नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक नसते काय? पण आपल्या आनंदाला दुसऱ्याच्या दुःखाची भिंत लागते, आणि तिथे थांबायचे असते, हे त्याला कळते. आणि भिंतीपलीकडे पाच कोटी पाठवून अलीकडे फटाके चालूच ठेवले तर त्याला आपण शेजारी म्हणत नाही. देणगी देणारा म्हणू, फार तर आभार मानू.

इथे मला माझ्या व्याख्येचे टोक सापडते. आपल्या दुःखाने ज्याचा हात थांबतो, तो आपला. नाव, काळ, वाटणी या गोष्टी नंतरच्या. क्लीव्हलंड आणि पिट्सबर्ग यांचा संघ दोघांत वाटलेला होता किंवा वर्षभरच टिकला, हे त्याचे व्यंग नव्हे. व्यंग असे, की त्याच्या जाण्याला त्या शहरांतली कोणतीही गोष्ट अडवू शकत नव्हती. शहराने ओरडायचे, तिकीट काढायचे, नाव द्यायचे. आणि मालकाने हिशेबाची वही मिटली की निघायचे. नाते होते, पण ते एकाच बाजूने बांधलेले. गाव कुठे जाऊ शकत नाही. संघ जाऊ शकतो. ज्याला जाता येते त्याने, ज्याला जाता येत नाही त्याचे नाव घेतले, तर त्यावर काही ऋण चढते की नाही? माझ्या मते चढते. ते कुठल्या करारात लिहिलेले नसते, एवढेच.

२०१६ च्या त्या एप्रिलमध्ये पुण्याच्या संघाला हे ऋण प्रथमच कोणी मागितले. ज्या राज्यातल्या शहराचे नाव छातीवर घेतले आहेस, ते राज्य तहानलेले आहे. तर तू इथे हिरवळ भिजवू नकोस. संघ गेला; पण आपण होऊन गेला नाही, न्यायालयाने घालवला म्हणून गेला. ही गोष्ट मला अजूनही बोचते. तोच शब्द मालकांच्या तोंडून आधी आला असता, तर दोन वर्षांचा तो संघ लोकांनी वीस वर्षे आठवला असता. मोठेपणा मिळवायची संधी दारात आली होती, आणि ती नोटीस होऊन यावी लागली.

विशाखापट्टणमच्या लोकांनी मात्र त्या पाहुण्यांना परके मानले नाही. २१ मे रोजी पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात तेवीस धावा हव्या होत्या. धोनीने त्या काढल्या, शेवटच्या चेंडूवर षटकार मारून. तिथे जो जल्लोष झाला तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. पाहुण्याचे कौतुक करणारे घर खोटे नसते. पुढच्या वर्षी संघ गहुंज्याला परत आला, अंतिम सामन्यापर्यंत गेला, मुंबईकडून एका धावेने हरला, आणि ठरल्या तारखेला संपला. २०१८ मध्ये चेन्नईचा संघ परतला. पण कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले होते, म्हणून त्याला आपले घरचे सामने पुण्यात आणावे लागले. त्याचे चाहते चेन्नईहून खास रेल्वेगाडीने पुण्याला आले. ज्याच्या गैरहजेरीत पुण्याचा संघ जन्मला, तोच पाण्यापायी पुण्याच्या आश्रयाला आला! आणि त्याच एप्रिलात गहुंज्याच्या मैदानाला पवनेचे पाणी देण्यावर उच्च न्यायालयाने पुन्हा बंदी घातली. खेळाडू बदलले, रंग बदलले; पाण्याचा प्रश्न मात्र जागचा हलला नाही.

इथवर संघमालकांना शहाणपण शिकवले. ते सोपे होते, कारण त्यांतला एकही हा अंक वाचीत नसणार. आता जरा आपल्याकडे पाहू. क्रिकेट थांबवणे आपल्याला जमले, कारण ते कोणाच्याच अंगणातले नव्हते. त्याच वर्षी मराठवाड्यात उसाचे गाळप चालू होते. महाराष्ट्रातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जमीन ऊस घेतो, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालाने हे आकडे सर्वांपुढे मांडलेले आहेत. ऊस लावणारा कोणी राक्षस नाही. तो माझा शेजारी आहे, माझ्या विद्यार्थ्याचा बाप आहे. हमीचा भाव मिळणारे दुसरे पीक त्याला कोणी दाखवले नाही, तर त्याने करावे काय? तरीही प्रश्न उरतोच. पुण्याच्या संघाला जे आपण विचारले, ते आपल्याला कोणी विचारले तर? शेजारच्या वाडीची विहीर आटली असताना माझी मोटार किती वेळ चालावी? वरच्या धरणाच्या गावाने खालच्या गावासाठी किती दारे उघडावीत? तिथे आपणही वकील लावतो, आणि निकाल लागेपर्यंत पाणी उपसून घेतो.

म्हणून वाटते, आपलेपणाचा दावा दुसऱ्यावर सांगण्याआधी तो स्वतःवर सांगून पाहावा. "हा आपला आहे का?" असे विचारण्यापेक्षा "मी कोणाचा आहे?" असे विचारणे अधिक प्रामाणिक. मी त्या गावाचा, त्या आळीचा, त्या माणसांचा, ज्यांच्या अडचणीने माझा बेत बदलतो. ज्यांच्या अडचणीने माझे काहीच अडत नाही, त्यांचा मी फक्त नावापुरता.

खेळाचे संघ येतील आणि जातील. पुढेही कोणी धनिक एखाद्या शहराचे नाव विकत घेईल, आणि दोन शहरांत एक संघ वाटूनही देईल. पोरांनी त्याच्यासाठी खुशाल घसा बसेपर्यंत ओरडावे. प्रेम देणाऱ्याचे काही जात नाही, आणि खेळातला आनंद वर्षभरच टिकला तरी तो आनंदच. आपण मोठ्या माणसांनी एवढेच करावे : या दिवाळीत आपल्या आळीत असे एखादे घर असेल, जिथे यंदा कढई चढली नाही, तर फराळाचा पहिला डबा तिकडे पोचवावा, आणि त्या घरासमोर आपल्या पोरांचे फटाके जरा आवरावेत. पोरे कारण विचारतील. ते सांगायला बसलो, तर आपलेपणाचा धडा त्यांना माझ्या वर्गात येण्याआधीच मिळालेला असेल.